विषाणूंची वंशावळ आणि आमचे व्याही

सोलापुरात कुणाला शिंक आली, तर ती मूळ कुठल्या घरची, कुणाकडून कुणाकडे गेली आणि वाटेत कुठं मुक्काम केला, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा एकच माणूस आहे आणि तो आमचा व्याही आहे. लेकीच्या सासऱ्याची खुशामत म्हणून मी हे म्हणत नाही. खुशामत मला जमत नाही. जमली असती तर एव्हाना मेट्रन झाले असते. मी हॉस्पिटलातल्या बायकांच्या मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, आणि व्याही त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन. मी तिसऱ्या मजल्यावर, ते तळमजल्यावर. पंधरा वर्षं आमचा संबंध म्हणजे मी फोनवर "रिपोर्ट कधी देताय, पेशंट घरी गेल्यावर का?" असं खडसावायचं आणि त्यांनी शांतपणे "देतो की सिस्टर" म्हणायचं. मग माझ्या लेकीनं नेमका त्यांचाच मुलगा पसंत केला, आणि ज्या माणसाला खडसावत होते त्याच्या ताटाभोवती रांगोळी काढायची वेळ माझ्यावर आली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी हॉस्पिटलात एका आवाजात बोलते आणि घरी दुसऱ्या. तेही मला हॉस्पिटलात सिस्टर म्हणतात, घरी विहीणबाई.

व्याही मूळचे हेळवी. हल्लीच्या पोरांना हे सांगावं लागतं म्हणून सांगते. सुगी झाली की हेळवी बैलावर बसून गावोगाव फिरायचे, दारात थांबून त्या घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायचे. घरात कानडी, दारात मराठी. कुणाचा खापरपणजा कुठल्या गावाहून उठून आला, त्याला मुलगे किती, वाटणी कुणी घेतली, कोण निपुत्रिक गेला, सगळं त्यांच्या चोपडीत असायचं, आणि चोपडीत असेल त्याच्या दुप्पट तोंडात. व्याह्यांच्या वडिलांनी अक्कलकोटच्या बाजूची गावं आयुष्यभर बैलावरून केली, पण मुलाला कॉलेजात घातलं. मुलगा बैलावरून उतरला, लॅबचा पांढरा कोट घातला, मिशीला कलप लावला, सगळं रीतसर झालं. चोपडी तेवढी त्याच्या डोक्यातून गेली नाही.

लग्नाची बैठक होती तेव्हाची गोष्ट. आमचे हे मानपानाच्या बोलण्याची तयारी करून, ठेवणीतला शर्ट घालून ताठ बसले होते. व्याह्यांनी मानपानाचं नावच काढलं नाही. खिशातून पेन्सिल काढली आणि यांना विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव?" यांनी सांगितलं. "त्यांच्या वडिलांचं?" सांगितलं. "त्यांच्या?"  मग यांनी समोरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले. "राहू द्या," व्याही म्हणाले, "जागा ठेवतो, सापडंल की." आम्हाला वाटलं, विषय संपला. हळदीच्या दिवशी मांडवात सगळी धांदल चालू असताना हा माणूस यांना कोपऱ्यात घेऊन गेला आणि यांच्या पणजोबांचं नाव सांगितलं. शिवाय ते भीमेच्या पलीकडल्या कुठल्या गावचे आणि विहिरीवरून भावाशी भांडून इकडं कसे आले, तेही सांगितलं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं तीन गावं फिरून त्यांनी ते शोधलं होतं. पाठवणीच्या वेळी लेकीच्या गळ्यात पडून मी रडले. आमचे हे रडले ते आदल्या दिवशी, पणजोबांचं नाव ऐकून.

त्यांच्याबरोबर बाहेर पडायची मात्र सोय नाही. बस्ता बांधायला आम्ही नवी पेठेत गेलो होतो. रिक्षात बसल्याबसल्या व्याह्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "मूळ गाव कुठलं, भाई?" दुकानात शिरल्यावर साड्या दाखवणाऱ्या माणसालाही तेच. मग त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "हौदु." कानडीत हौदु म्हणजे होय. त्यांचा हौदु आला की समजावं, आता कुणाचं तरी नातं जुळणार. रिक्षावाल्याची आजी आणि त्या साडीवाल्याची आजी सख्ख्या बहिणी निघाल्या. मग रिक्षावाल्याला बोलावणं गेलं, त्यानं बाहेर रिक्षा रस्त्यातच सोडली, दोघं एकमेकांना "अरे, तुम तो हमारे घर के निकले" म्हणून भेटले, चहा आला, मालक आला, मालकाचंही मूळ गाव निघालं. तीन तासांत मी एक साडी घेतली. तिचा रंग मला आजही आवडत नाही.

लग्नानंतर आठ दिवसांत दोन्हीकडची अर्धी माणसं सर्दीनं आडवी झाली. दुसरं कुणी असतं तर काढा करून प्यायलं असतं. व्याही फोन घेऊन बसले. कोण कुणाशेजारी पंगतीला बसलं, कुणी कुणाला घास भरवला, पहिली शिंक कुणाची, दुसरी कुणाची. चौथ्या दिवशी निकाल लागला. सर्दी फोटोग्राफरनं आणली होती. "तो एकटाच सगळ्यांच्या तोंडाजवळ जातो बघा की," व्याही म्हणाले, "आणि सगळ्यांना हसा म्हणतो." फोटोग्राफरला विचारलं तर खरंच आदल्या दिवसापासून त्याचं नाक गळत होतं.

अशा माणसाच्या हातात दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलनं विषाणूची अक्षरं वाचायचं मशीन दिलं. मशीन म्हणजे काय, पोरांच्या कंपासपेटीएवढं. मी बघायला गेले आणि म्हणाले, "एवढंसंच?" व्याह्यांना ते लागलं. जेवणाच्या सुट्टीभर त्यांनी मला समजावून सांगितलं. विषाणूच्या पोटात अक्षरांची एक लांब ओळ असते. तो एका माणसातून दुसऱ्यात जातो तेव्हा ती ओळ पुन्हा पुन्हा उतरवली जाते, आणि उतरवताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. ती चूक मग पुढच्या सगळ्यांकडं तशीच जाते. ज्यांच्या चुका सारख्या, ते एका घरचे. चुका वेगळ्या, तर घर वेगळं, मग वरून आजार एकसारखा का दिसेना. "आमच्या आजोबांनी चोपडी उतरवताना एका घरातल्या थोरल्या भावाचं नाव धाकट्याच्या जागी लिहिलं," ते म्हणाले. "पुढच्या सगळ्या चोपड्यांत ते तसंच. आता कुठलीबी चोपडी उघडा, ती चूक दिसली की मी सांगतो, ही आमच्या आजोबांच्या हातची." हे ऐकून मला जे कळलं ते आमच्या शिकाऊ डॉक्टरांना तासभर पडद्यावर चित्रं दाखवूनही कळलं नव्हतं. तेव्हापासून व्याही विषाणूंना पाहुणे म्हणतात. लॅबमध्ये नमुना आला की विचारतात, "हे पाहुणे कुठले?" दसऱ्याला मशीनला झेंडूचं फूल वाहतात, आणि त्या टेबलावर कुणाला चहाचा कप ठेवू देत नाहीत.

आता मला माझ्याकडं यावं लागेल. त्याशिवाय या माणसाचा मला अभिमान का वाटतो ते कळायचं नाही.

माझ्या कमरेला सॅनिटायझरची बाटली असते. वॉर्डात येणारा डॉक्टर असो, नातेवाईक असो, आधी हात पुढं, मग बोलणं. एका बड्या सर्जनलाही मी दारात थांबवलेलं आहे. आणि मी रजा घेत नाही. साठलेल्या रजा मोजायच्या म्हटलं तर क्लार्कला घाम फुटतो, असं मी सगळ्यांना ऐकवत असे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी माझं पोट बिघडलं. दोनदा उलटी, जुलाब. लिंबू-मीठ-साखर घेतली आणि संध्याकाळी बरं वाटतंय म्हणून खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटायला बसले. सोलापूरच्या बाईनं पोट बिघडलं म्हणून चटणी चुकवायची म्हणजे काय? सोमवारी डबाभर चटणी घेऊन ड्युटीवर हजर. जेवणाच्या वेळी आम्हा सिस्टरांची पंगत बसली आणि डबा फिरला. पाच नंबरच्या खाटेवर मोडनिंबची एक आजी होती. दवाखान्याच्या फिक्या भाजीला नावं ठेवून तिनं तीन दिवस अन्नच सोडलं होतं. तिला भाकरीबरोबर चिमूटभर चटणी दिली तर आजी गालातल्या गालात हसली. मग शेजारच्या खाटांनीही हात पुढं केले. डॉक्टरला विचारलं नव्हतं, पण ज्यांना चालण्यासारखी होती त्यांनाच दिली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

बुधवारी पहाटे आजीला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत चार खाटा, गुरुवारी सात, शिवाय आमच्या दोन सिस्टर. आजीला तर लघवीच होईना, तिला आयसीयूत हलवलं. पाणी तपासलं, किचन तपासलं, काही सापडेना. आणि मग मला आठवलं की मंगळवारी सुरेखा ड्युटीरूमच्या बेसिनमध्ये ओकत होती. सुरेखा म्हणजे आमच्या वॉर्डची सफाईची मावशी. वळसंगहून रोज सकाळच्या बसनं येते, ठेकेदाराकडून लागलेली, नवरा नाही, दोन पोरी शाळेत. मी तिला लगेच गाठून विचारलं, "आजारी होतीस तर आलीस कशाला?" ती म्हणाली, "न आले तर खाडा पडतोय की ओ सिस्टर. भावकीत लगीन हुतं, तितलं जेवान बाधलं. पर म्या काय कुनाला दिलं न्हाय." मला संताप आला होता. मोडनिंबच्या आजीचा चेहरा डोळ्यांसमोर होता. मी मेट्रनकडं लेखी तक्रार दिली की ही बाई आजारी असताना ड्युटीवर आली आणि वॉर्डभर आजार पसरवला. ठेकेदारानं लगेच सांगितलं, मंगळवारी मीटिंग झाली की तिला काढतो, आणि शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यातही लावत नाही.

संसर्ग नियंत्रणाच्या डॉक्टर मॅडमनी सगळ्यांचे नमुने घेऊन व्याह्यांच्या मशीनवर चढवायचं ठरवलं. व्याही स्वतः वॉर्डात आले. खाटेखाटेशी स्टूल घेऊन बसले. भेटायला कोण आलं, काय खाल्लं, कुणाच्या हातचं खाल्लं. ज्यांना नळीनं अन्न जात होतं त्या तिघी ठणठणीत होत्या, हे त्यांनी दोनदा लिहिलं. मी म्हटलं, "एवढं काय विचारताय? उलट्या कोण करत होतं ते मी सांगितलंय की." ते नुसते "व्हय की" म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी व्याही घरी आले. हातात पिशवी, वर केळ्यांची फणी. लेकीला तेव्हा सातवा महिना. यांना वाटलं, डोहाळजेवणाची तारीख ठरवायला आले. चहा झाला, पाऊसपाणी झालं, यांच्या चुलत्यांच्या तब्येतीची चौकशी झाली. मग व्याह्यांनी खाली मान घालून सांगितलं, "विहीणबाई, एक मागणं हाय." यांनी खुर्ची पुढं ओढली. व्याह्यांनी केळी बाजूला केली आणि पिशवीतून झाकणाची एक छोटी प्लास्टिकची डबी काढून टीपॉयवर ठेवली. तसल्या डब्या मी आयुष्यभर हजारो लोकांच्या हातात दिल्यात आणि "सकाळचं पहिलं आणा" असं वर सांगितलंय. यांनी डबी उचलून बघितली आणि विचारलं, "यात काय, कुंकू?"

लेकीच्या सासऱ्यानं काही मागितलं तर नाही म्हणू नये, असं माझ्या आईनं शिकवलं होतं. असला प्रसंग आईच्या डोळ्यांसमोर नसावा. मी म्हटलं, "व्याहीबुवा, तुम्हाला माझ्यावर संशय आहे?" माझा हॉस्पिटलातला आवाज घरात लागला, तेव्हा यांनी डबी पटकन खाली ठेवली. व्याही म्हणाले, "संशय न्हाय हो. वॉर्डात जो जो आला त्याची घेतोय. माझी दिलीय. मॅडमनी दिलीय. वडील म्हणायचे, वंशावळ म्हणताना एक घर गाळलं तर सगळी वंशावळ खोटी." मग थांबून म्हणाले, "आणि तुमचंच घर गाळलं, तर लोक म्हणतील विहीण म्हणून गाळलं."  दुसऱ्या दिवशी सकाळी डबी भरून, तिच्यावर दोन पिशव्या बांधून, मी ती स्वतः लॅबच्या खिडकीत ठेवली आणि मागं न बघता वर निघून गेले.

सोमवारी दुपारी मला लॅबमध्ये बोलावणं आलं. गेले तर व्याह्यांनी बाहेरच्या खोलीत खुर्ची पुसून ठेवलेली, शेगडीवर वेलदोडा घातलेला चहा. लॅबच्या आसपास चहा न होऊ देणारा माणूस!  त्यांनी एक लांब कागद उलगडला. एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, एक चौकट. "ही तुमची वळसंगची सुरेखा. हिचे पाहुणे वेगळ्याच घरचे. आपल्या वॉर्डातल्या एकाशीबी नातं न्हाय." मग मधे सात खाटा, दोन सिस्टर, सगळ्या एका घरच्या. आणि त्यांच्या वर, जिच्यापासून सगळ्या रेघा खाली येत होत्या, ती एक चौकट. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं नाही. मी ठेवलं. ते म्हणाले, "तारखाबी जुळतात, खाणंबी जुळतंय. नुसत्या अक्षरांवर म्हणत न्हाय मी. रविवारी पोट बिघडलं होतं न्हवं? चटणी हातानं कालवली?" मी म्हटलं, "मी हात धुतल्याशिवाय कशाला शिवत नाही. सॅनिटायझर आहे माझ्याकडं." ते खाली बघत म्हणाले, "ह्या पाहुण्याला त्याचं फार काय वाटत न्हाय. त्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं. आणि बरं वाटलं तरी दोन दिवस घरी बसावं लागतं."

मोडनिंबची आजी अजून आयसीयूत होती. मी तिला हौसेनं भरवलेली चिमूट मला आठवत होती. आणि तरीही, खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते आजीबद्दल नव्हतं. मी म्हटलं, "ही वरची चौकट काढता येणार नाही का? रेघा नुसत्या वर सोडून द्या. व्याहीबुवा, तुमच्या सुनेची आई आहे मी."

"म्हणूनच चहा केला," ते म्हणाले. "दुसरं कोण असतं तर फोनवर सांगितलं असतं."

त्यांचे डोळे भरले होते, पण कागद त्यांनी तसाच ठेवला. कागदावर नाव जाणार नव्हतं. तो नियमच आहे. 'कर्मचारी चार' एवढंच. खरं नाव त्यांना आणि मॅडमना ठाऊक, तिसऱ्याला कळायचं कारण नव्हतं. माझ्या चौकटीच्या वर आणखी एक रिकामी चौकट होती. मी विचारलं, हे कोण? "तुम्हाला ज्यानं दिलं तो. तुम्ही काय पहिल्या न्हाय. सापडला न्हाय, जागा ठेवलीय," ते म्हणाले, आणि माझ्या कपात चहा ओतला.

मंगळवारी मीटिंगमध्ये डॉक्टर मॅडमनी कागद वाचला. सुरुवात कर्मचारी चारपासून, सफाई मावशीचा यात संबंध नाही. ठेकेदार हसला. म्हणाला, "मॅडम, तुमचं मशीन काय म्हणतंय ते आम्हाला कळत नाही. बाई ओकत होती हे सगळ्या वॉर्डानं बघितलंय. आणि दुसरं नाव तुम्ही सांगत नाही, म्हणजे कुणालातरी वाचवताय." मेट्रन म्हणाल्या, तसं नसेल, पण पेशंटच्या नातेवाइकांसाठी तरी तिला हलवलेलं बरं. मॅडम नियमानं बांधलेल्या. व्याही कागदाची घडी घालत होते, उलगडत होते. त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. नजरेनंसुद्धा त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. तेव्हा मला कळलं की आता मी गप्प बसले तर हा माणूस आयुष्यभर गप्प बसेल, माझ्या घरी जेवायला येईल, माझ्या लेकीशी मायेनं बोलेल, आणि सुरेखाचं नाव मी जे मोठ्यानं खराब केलंय ते तसंच राहील.

मी उभी राहिले. म्हटलं, "कर्मचारी चार मी. तक्रार मागं घेते. मला रजा होती, मी घेतली नाही. तिला रजाच नाही, आणि तक्रार मात्र मी तिची केली."

 व्याह्यांच्या तोंडून हळूच आलं, "हौदु."

सुरेखा दाराबाहेर बादली घेऊन उभी होती. मी तिच्यासमोर गेले. माफी मागायची सवय नाही, त्यामुळं शब्द जुळेनात. तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ सिस्टर. मला ठावं हुतं." मी विचारलं, काय ठाऊक होतं? "सोमवारी तुमी चारदा बाथरूमला गेल्ता की. धुतलंय कुनी मग? आन त्या चटनीच्या डब्याला माजा कवा हात लागलाय का? मला कोन बलवतंय तितं?" मी म्हटलं, "अगं, मग बोलली का नाहीस?" ती बादली उचलत म्हणाली, "मला कोन इचारलंय?"

व्याही माझ्या मागंच उभे होते. एवढं मशीन, एवढी अक्षरं, चौदा डब्या, आणि उत्तर पहिल्या दिवसापासून झाडू घेऊन वॉर्डात फिरत होतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मशीन नसतं तर तिच्यावर विश्वास कुणी ठेवला असता? आणि ते खरंही होतं. व्याही तसं म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिसऱ्या मजल्यावर आले, स्टूल ओढलं आणि सुरेखासमोर बसले. "नमुना घेतला, पण तुमच्याशी बोललो न्हाय. एक घर सुटलं माझ्याकडनं," म्हणाले, आणि मग अर्थातच, "मूळ गाव वळसंगच का?"

आता नियम झालाय. पोट बिघडलं की कुणीही असो, बरं वाटल्यावरही दोन दिवस घरी, आणि ठेक्यावरच्या मावश्यांचाही त्या दिवसांचा खाडा धरायचा नाही. ही दुसरी ओळ घालून घेण्यासाठी डॉक्टर मॅडम चार महिने भांडल्या. वॉर्डात कुठंही आजार दिसला की व्याही आधी मावश्यांशी बोलतात, मग मशीनशी. बाहेरच्या दवाखान्यांतून त्यांना फोन येतात. मोडनिंबची आजी बरी होऊन घरी गेली. जाताना तिनं चटणी मागितली, मी हात जोडले. दुपारच्या पंगतीला सुरेखा आमच्यात बसते आणि चटणी तिच्या घरची असते, माझ्याहून चांगली. लोक मला विचारतात, व्याह्यानं तुम्हाला कागदावर चढवलं, राग नाही आला? आला होता. दोन दिवस टिकला. पण नात्यातला माणूस म्हणून ज्यानं एक रेघ हलवली नाही, आणि नात्यातला माणूस म्हणूनच ज्यानं आधी चहा केला, अशा घरात माझी लेक आहे. मी कुणालाही ताठ मानेनं सांगते.

पुढच्या वर्षी ते रिटायर होतील. दोन शिकाऊ पोरींना त्यांनी मशीन शिकवलंय. त्यांच्या वडिलांची चोपडी मात्र कुणी शिकत नाही. गावांत आता कुणी वाट बघत नाही, बैल तर कधीच गेला. नातीच्या बारशाला ते ती चोपडी घेऊन आले. तिच्यात बायकांची नावं नसायची. अमक्याची लेक अमक्या गावी दिली, एवढंच. व्याह्यांनी नवं पान काढलं. खाली नातीचं नाव लिहिलं, वर माझ्या लेकीचं, तिच्या वर माझं. मग पेन्सिल थांबवून विचारलं, "तुमच्या आईचं?" मी सांगितलं. "त्यांच्या आईचं?" सांगितलं. "त्यांच्या?"

माझी आजी आपल्या आईबद्दल किती बोलायची. तिच्या हातच्या भाकरीबद्दल, तिच्या रागाबद्दल. राग माझ्यात तिच्याकडूनच आलाय म्हणायची. पण बोलायची ते नुसतं "माझी आई" म्हणून. नाव मी कधी विचारलंच नाही. आता आजी नाही, आईही नाही. पाळण्याभोवती बायका गात होत्या, आणि मी समोरचा तांब्या उचलून पाणी प्यायले.

"राहू द्या, विहीणबाई," व्याही म्हणाले. त्यांनी आजीच्या नावाच्या वर एक रिकामी चौकट आखली आणि बराच वेळ पेन्सिल तिच्यावर धरून ठेवली. "जागा ठेवलीय."